सात भयानक कादंबऱ्या आणि सतरा वर्षांची एक वाचक

१/
ऑक्टोबर १७९८. इंग्लंडच्या केंट परगण्यातील डार्टफर्ड गावची एक सराई. प्रवासातून परतणारे एक कुटुंब रात्रीच्या मुक्कामासाठी तेथे उतरले आहे. प्रकृती बरी नसलेली आई शेकोटीजवळ बसली आहे आणि वडील वाचनालयातून आणलेली एक कादंबरी वाचत आहेत. वडील चर्चचे धर्मोपदेशक. हातातली कादंबरी मात्र 'द मिडनाइट बेल', म्हणजे मध्यरात्रीची घंटा. बावीस वर्षांची धाकटी मुलगी बहिणीला लिहिलेल्या पत्रात हे दृश्य टिपून ठेवते. त्या मुलीचे नाव जेन ऑस्टेन.

२/
भुतांच्या, रहस्याच्या, अंगावर काटा आणणाऱ्या कादंबऱ्या तरुण मुलामुलींनी वाचाव्यात की नाही, हा प्रश्न आजही घरोघरी विचारला जातो. पालक विचारतात, शिक्षक विचारतात आणि रात्री दोन वाजता पुस्तक मिटताना वाचक स्वतःलाही विचारतो : यात वेळ फुकट तर गेला नाही ना? १७९० च्या दशकात इंग्लंडमध्ये हाच वाद जाहीरपणे आणि कडाक्याने झाला. त्या वादाचा निकाल टीकाकारांनी लावला नाही. तो लावला एका कादंबरीने, आणि तोही वरवर पाहता दिसतो त्याहून वेगळा होता.

३/
या प्रकाराचा आरंभ १७६४ च्या डिसेंबरात झाला. होरेस वॉलपोल या धनाढ्य संसदसदस्याने 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' ही कथा प्रसिद्ध केली, पण स्वतःचे नाव घातले नाही. जुन्या इटालियन ग्रंथाचे हे भाषांतर आहे, असे त्याने भासवले. पुस्तक खपले, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखक आपणच असल्याचे कबूल केले आणि 'गॉथिक कथा' असे उपशीर्षक जोडले. भुताची गोष्ट लिहिल्याबद्दलचा संकोच या साहित्यप्रकाराच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

४/
'गॉथिक' हा शब्द तेव्हा मध्ययुगीन, जुनाट, रानटी या अर्थाने वापरला जाई. पडके किल्ले, भुयारे, मठ, गुप्त दरवाजे हे त्या जगाचे नेपथ्य. 'ओट्रांटो'त आकाशातून पडलेल्या एका प्रचंड शिरस्त्राणाखाली राजपुत्र चिरडून मरतो. मात्र कथानक पुढे सरकते ते शिरस्त्राणामुळे नव्हे. वारस गेल्यामुळे हादरलेला बाप पत्नीला टाकून मुलाच्या वाग्दत्त वधूशीच लग्न करू पाहतो, आणि ती मुलगी भुयारातून पळ काढते. या गदारोळाच्या मुळाशी वारसाहक्काचा प्रश्न आहे.

५/
तीस वर्षांनंतर अ‍ॅन रॅडक्लिफ या लेखिकेने या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. १७९४ साली आलेल्या तिच्या 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' या कादंबरीसाठी प्रकाशकाने ५०० पौंड मोजले. त्या काळी ही रक्कम थक्क करणारी होती. रॅडक्लिफची एक खास रीत होती. रात्रीचे आवाज, हलणाऱ्या सावल्या, अदृश्य गायन अशी भीती ती शेकडो पाने वाढवत नेई आणि अखेरीस प्रत्येक चमत्काराचा लौकिक उलगडा करी. तिच्या जगात भूत नसते. मात्र माणसे असतात.

६/
ही पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचवली ती वर्गणीच्या वाचनालयांनी. कादंबरी विकत घेणे मध्यमवर्गीय घरांनाही महाग पडे. म्हणून वर्गणी भरून एकेक खंड घरी न्यायचा. कादंबरी तीन-चार खंडांत छापण्यात वाचनालयाचाही फायदा होता, कारण एकच कादंबरी एका वेळी तीन-चार घरांत फिरू शके. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर विल्यम लेन याने 'मिनर्व्हा प्रेस' चालवली. ही संस्था पुस्तके छापी, स्वतःच्या वाचनालयातून फिरवी आणि गावोगावच्या नव्या वाचनालयांना संचच्या संच पुरवी.

७/
मिनर्व्हाच्या लेखकांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि वाचकांत तरुण मुली. टीकाकारांच्या संतापाचे हे एक मोठे कारण होते. नियतकालिकांतील परीक्षणांत ठरावीक तक्रारी पुन्हा पुन्हा येत : या पुस्तकांनी मुलींची डोकी बिघडतात, घरकामात लक्ष लागत नाही, साधे आयुष्य नीरस वाटू लागते, खोट्या जगाची चटक लागते. आज मोबाइलच्या पडद्याबद्दल जे जे म्हटले जाते, त्यातील बरेचसे तेव्हा कादंबरीबद्दल म्हटले गेले होते.

८/
या तक्रारीला राजकीय रंगही होता. १७९३-९४ साली पॅरिसमध्ये गिलोटिन चालत होते आणि त्या राजवटीला 'टेरर' म्हणजे दहशत हे नाव पडले होते. १७९७ साली लंडनच्या एका संकलनात छापलेल्या निनावी पत्राने या कादंबरीकारांना थेट 'दहशतवादी' ठरवले आणि त्यांच्या कादंबरीची पाककृतीच देऊन टाकली : अर्धवट पडका वाडा, पुष्कळ दारे, काही ताजी प्रेते, काही सांगाडे, बेताचे मिश्रण. विनोद झणझणीत होता, आणि बऱ्याच पुस्तकांना तो तंतोतंत लागूही पडत होता.

९/
फ्रान्समधून मात्र वेगळा विचार आला. १८०० साली मार्की द साद या बदनाम लेखकाने असे प्रतिपादन केले की हा साहित्यप्रकार क्रांतीने साऱ्या युरोपला दिलेल्या हादऱ्यांचे अपरिहार्य फळ आहे. चार-पाच वर्षांत माणसांनी प्रत्यक्ष जे भोगले, त्यापुढे साधी कादंबरी फिकी पडू लागली. तेव्हा लेखकांना नरकाची मदत घ्यावी लागली. हे मत पूर्ण मान्य करण्याची गरज नाही. पण पुस्तक चांगले की वाईट याच्या पलीकडे जाऊन, ते याच काळात का वाचले जाते, असे त्याने विचारले. इतिहासाच्या अभ्यासकाला आरंभ याच प्रश्नापासून करावा लागतो.

१०/
सर्वांत मोठे वादळ उठले ते १७९६ सालच्या 'द मंक' या कादंबरीवर. लेखक मॅथ्यू लुईस, वय अवघे वीस-एकवीस. भ्रष्ट साधू, सैतान, बलात्कार, खून : रॅडक्लिफने जे पडद्याआड ठेवले होते, ते लुईसने उघड्यावर मांडले. कवी कोलरिज याने १७९७ च्या परीक्षणात लेखकाची प्रतिभा मान्य केली, पण हे पुस्तक मुलाच्या किंवा मुलीच्या हाती दिसले तर कोणाही पालकाचा चेहरा पांढरा पडेल, अशा आशयाचा इशारा दिला. खटल्याची भाषा सुरू झाली, तेव्हा लुईसने पुढील आवृत्तीतून बराच मजकूर स्वतःच काढून टाकला.

११/
याच कोलरिजने त्याच वर्षाच्या अखेरीस शापित खलाशाचे आणि भुताळी जहाजाचे दीर्घकाव्य लिहायला घेतले. त्याचा मित्र वर्ड्‌स्वर्थ याने १८०० सालच्या प्रस्तावनेत, उन्मादी कादंबऱ्यांमुळे शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्याकडे दुर्लक्ष होत आहे, अशी खंत व्यक्त केली. आणि ज्या संग्रहाची ती प्रस्तावना होती, त्यातच कोलरिजचे ते भुताळी जहाजही होते. यात निव्वळ दांभिकपणा पाहणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा आक्षेप भयाला नव्हता. साच्यातून काढलेल्या, वाचकाला गुंगीत ठेवणाऱ्या भयाला होता. हा आक्षेप आजही विचारात घ्यावा लागतो.

१२/
या गदारोळात, १७९८-९९ च्या सुमारास, जेन ऑस्टेनने एक कादंबरी लिहिली. १८०३ साली एका प्रकाशकाने ती 'सूझन' या नावाने १० पौंडांत विकत घेतली, जाहिरातही केली, पण छापली नाही. तेरा वर्षांनी, १८१६ साली, तेवढेच १० पौंड परत करून हस्तलिखित सोडवून आणावे लागले. जुलै १८१७ मध्ये ऑस्टेनचा मृत्यू झाला आणि वर्षअखेरीस हे पुस्तक 'नॉर्थँगर अ‍ॅबी' या नावाने बाहेर आले. रॅडक्लिफचे ५०० आणि ऑस्टेनचे १०, हे दोन आकडे शेजारी ठेवले की बाजाराची पारख कळते.

१३/
कादंबरीची नायिका कॅथरीन मोरलंड सतरा वर्षांची आहे. बाथ या आरोग्यनगरीत तिला इझाबेला नावाची मैत्रीण मिळते. 'उडॉल्फो' संपल्यावर पुढे काय वाचायचे, यासाठी इझाबेलाने सात कादंबऱ्यांची यादी करून ठेवलेली असते. कॅथरीनला फक्त एकच खात्री हवी असते, ती म्हणजे सगळी पुस्तके भयानक आहेत ना? त्या सात कादंबऱ्यांत 'कॅसल ऑफ वुल्फेनबाख', 'क्लर्मांट', 'नेक्रोमॅन्सर', 'ऑर्फन ऑफ द ऱ्हाइन' आहेत, आणि ऑस्टेनचे वडील सराईत वाचत होते ती 'मिडनाइट बेल'ही आहे.

१४/
पुढे या यादीचे जे झाले, तीही एक रहस्यकथाच आहे. पुस्तके जीर्ण झाली, वाचनालये बंद पडली, प्रती रद्दीत गेल्या. ही सातही नावे ऑस्टेनने थट्टेसाठी कल्पिली असावीत, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अनेक वाचकांची होती. मग काही जिद्दी संग्राहकांनी शोध घेतला. मायकेल सॅडलर याने १९२७ साली एका पुस्तिकेतून दाखवून दिले की सातही कादंबऱ्या खरोखर छापल्या गेल्या होत्या, आणि त्यांतील सहा मिनर्व्हा प्रेसच्या होत्या. त्याचा गॉथिक संग्रह आज अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात जतन केलेला आहे.

१५/
ही पुस्तके वाचण्याजोगी आहेत का? सरसकट होय म्हणता येत नाही. 'नेक्रोमॅन्सर' हे जर्मन मजकुराचे विस्कळीत भाषांतर आहे. एका गोष्टीत दुसरी, तिच्यात तिसरी, आणि शेवटी धागेच हाती लागत नाहीत. 'हॉरिड मिस्टरीज' हेही जर्मनमधूनच आलेले, गुप्त मंडळांच्या कारस्थानांनी ठासून भरलेले. मूर्च्छा येणाऱ्या नायिका, एकाच मुशीतले खलनायक, लांबवलेले योगायोग. दोनशे वर्षांपूर्वीच्या टीकाकारांनी हे सारे उगाच म्हटले नव्हते.

१६/
आता 'कॅसल ऑफ वुल्फेनबाख' पाहावी. १७९३ ची ही कादंबरी एलायझा पार्सन्स हिने लिहिली. पतीचा व्यापार बुडाला, पुढे पतीही गेला आणि मुलाबाळांच्या पोषणासाठी तिने लेखणी हाती घेतली. कादंबरीतील मटिल्डा ही अनाथ मुलगी पालनकर्त्या काकाच्या वाईट हेतूची चाहूल लागताच घर सोडते आणि झपाटलेल्या म्हणून ओसाड पडलेल्या किल्ल्यात आसरा घेते. त्या किल्ल्यातील भुताटकीच्या वदंतीमागे एक जिवंत स्त्री असते. तिच्या पतीनेच तिला तेथे डांबलेले असते.

१७/
'उडॉल्फो'तही हेच घडते. या कादंबरीत एक काळा पडदा आहे. तो दूर सारताच नायिका एमिली बेशुद्ध पडते. त्यामागे काय होते, हे वाचकाला शेवटापर्यंत कळत नाही. कळते तेव्हा तो निघतो मेणाचा पुतळा. पण पडद्याच्या नादात एक गोष्ट नजरेतून निसटते. खलनायक मोंटोनीने एमिलीच्या आत्याशी लग्न केलेले आहे, आणि तिच्या फ्रान्समधील जमिनी आपल्या नावावर करून देण्यासाठी तो तिला कोंडून ठेवतो. ती सही करत नाही आणि तिथेच मरते. मग तोच मोंटोनी कागद घेऊन एमिलीपुढे उभा राहतो. कादंबरीतील खरा धोका मेणाच्या पुतळ्यापेक्षा त्या सहीत आहे.

१८/
त्या काळचा इंग्रज कायदा ठाऊक असला की ही भीती काल्पनिक वाटत नाही. विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होते, असा तो सिद्धान्त. तिची जंगम मालमत्ता पतीची होई. जमिनीचे उत्पन्न त्याच्या हाती जाई, मात्र जमीन विकायला तिची संमती लागे. म्हणून मोंटोनीला सही हवी असते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२ साली आले. आणि पतीला पत्नीस घरात कोंडून ठेवण्याचा अधिकार नाही, हे इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले ते थेट १८९१ साली.

१९/
सतरा वर्षांच्या मुलीला हे सारे कायद्याच्या ग्रंथातून कोणी शिकवत नव्हते. काकाचा हेतू, पतीची सत्ता, सहीची किंमत, या विषयांवर घरात बोलणे अशोभनीय मानले जाई. भयकादंबरीत मात्र ते बोलता येई, कारण ती गोष्ट दूरच्या इटलीतली, जुन्या काळातली आणि अर्थातच खोटी असे.

२०/
आता पुन्हा कॅथरीनकडे. ती टिल्नी कुटुंबाच्या नॉर्थँगर या जुन्या मठात पाहुणी म्हणून जाते. वादळी रात्री एका जुन्या कपाटात तिला कागदांचे भेंडोळे सापडते. सकाळच्या उजेडात ते धोब्याचे हिशोब निघतात. तरीही तिची शंका थांबत नाही. घराचा मालक जनरल टिल्नी याने नऊ वर्षांपूर्वी पत्नीला ठार केले असावे, किंवा कुठेतरी कोंडून ठेवले असावे, असे तिच्या मनात येते. जनरलचा मुलगा हेन्री तिला रंगेहाथ पकडतो आणि समजावतो : हा आपला इंग्लंड देश आहे, येथे कायदा आहे, रस्ते आहेत, वर्तमानपत्रे आहेत, शेजाऱ्यांची नजर आहे, अशी कृत्ये येथे लपून राहतील का? कॅथरीन लाजेने रडते.

२१/
पुष्कळ वाचक येथेच थांबतात आणि निष्कर्ष काढतात, की ऑस्टेनने भयकादंबऱ्यांची खिल्ली उडवली आणि त्या वाचू नयेत असे सुचवले. पण कादंबरी येथे संपत नाही. जनरलने कॅथरीनला घरी बोलावलेले असते ते ती श्रीमंत वारस आहे या ऐकीव माहितीवर, मुलाचे लग्न तिच्याशी लावण्यासाठी. ती श्रीमंत नाही असे कळताच तो तिला हाकलून देतो. सकाळी सात वाजता गाडी सांगितलेली. सत्तर मैलांचा प्रवास, सोबतीला नोकरसुद्धा नाही. जनरलच्या मुलीने ऐनवेळी पैसे दिले नसते, तर सतरा वर्षांची ही मुलगी वाटेत अडकून पडली असती.

२२/
जनरल खुनी नव्हता. त्याने कोणाला तळघरात डांबले नव्हते. पण पैशासाठी मुलीला वापरणारा आणि निरुपयोगी ठरताच रस्त्यावर काढणारा तो माणूस होता. त्याला तसा ओळखणारे त्या घरात दोघेच होते : त्याची धाकात वाढलेली मुलगी, आणि भयकादंबऱ्या वाचून आलेली ही पाहुणी. कॅथरीनचा तपशील चुकला, मात्र माणसाची पारख चुकली नाही. हे तिला स्वतःलाही शेवटी जाणवते, आणि ऑस्टेन ते स्पष्टपणे नोंदवते. उलट कायदा, रस्ते आणि वर्तमानपत्रे यांवर भिस्त ठेवणाऱ्या सुशिक्षित हेन्रीला आपल्याच बापाचे हे कृत्य आधी दिसले नव्हते.

२३/
हेन्रीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 'उडॉल्फो' हाती पडल्यावर आपण ती दोन दिवसांत संपवली आणि सारा वेळ अंगावर काटा होता, असे तो कादंबरीच्या पूर्वार्धात निःसंकोच सांगतो. कादंबऱ्या फक्त मुली वाचतात, असा कॅथरीनचा समज असतो. आपण वाचतो ते कमी दर्जाचे, ही लाज तिच्या मनात कोणीतरी पेरलेली असते. ऑस्टेनच्या स्वतःच्या घरी ती लाज नव्हती. आपले कुटुंब कादंबऱ्यांचे मोठे वाचक आहे आणि त्याची आपल्याला शरम वाटत नाही, असे तिने १७९८ च्याच डिसेंबरात पत्रातून लिहिले होते.

२४/
हाच शोध आणखी एका लेखिकेने वेगळ्या वाटेने घेतला. मेरी वुलस्टनक्राफ्ट हिने १७९२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात भावविवश कादंबऱ्यांवर कठोर टीका केली होती. तरीही मन कोरे राहण्यापेक्षा कोणतेही वाचन बरे, अशी पुस्तीही जोडली होती. १७९७ साली तिचा मृत्यू झाला, तेव्हा एक कादंबरी अपूर्ण राहिली. तिची नायिका मारिया हिला पतीने मालमत्तेच्या लोभाने खासगी वेड्यांच्या इस्पितळात डांबलेले आहे. आरंभीच लेखिका सुचवते, की भुतांनी भरलेले किल्ले या घरापुढे काहीच नव्हेत. मृत्यूच्या काही दिवस आधी तिला झालेली मुलगी पुढे, विशीही गाठली नसताना, 'फ्रँकेन्स्टाइन' लिहू लागली.

२५/
या वादाची एक शाखा मराठीपर्यंत पोहोचते. गॉथिकचा वारसा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स याच्या स्वस्त, हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या रहस्यकादंबऱ्यांत उतरला. इंग्लंडच्या उच्चभ्रूंनी ज्याला तुच्छ लेखले, तो रेनॉल्ड्स भारतात आवडीने वाचला गेला. मराठीत १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. अद्भुत प्रसंग, विरह, संकटांमागून संकटे, असा त्यांचा थाट. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी कादंबरी व नाटक यांवरील निबंधात या प्रकारच्या लेखनाची झडती घेतली.

२६/
रिसबुडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत अद्भुताची बाजू मांडली होती. त्याचा आशय असा की, आपल्या विवाहपद्धतीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात चित्तवेधक असे काही घडतच नाही. रोजचे अनुभव लिहिले तर त्यात रस वाटणार नाही, म्हणून मनोरंजक पुस्तकासाठी अद्भुताकडे वळावे लागते. घर हे सुरक्षित आणि म्हणून कंटाळवाणे, असे गृहीत धरणारा हेन्री टिल्नी जणू मराठीत बोलत होता.

२७/
वीस वर्षांच्या आत मुंबईच्या न्यायालयाने त्या गृहीतकाला उत्तर दिले. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला. मार्च १८८७ मध्ये निकाल लागला : पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कारावास भोगा. ज्या 'वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने'च्या आधारे हा दावा चालला, ती कल्पना इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून येथे आली होती; आणि खुद्द इंग्लंडमध्ये त्यासाठीची कैद १८८४ साली रद्द झालेली होती. उडॉल्फोच्या किल्ल्याशी या कायद्याचे नाते दूरचे नव्हते.

२८/
मराठी कादंबरीतही किल्ला घरात आला. रेनॉल्ड्सच्या आधाराने पहिली कादंबरी लिहिणारे हरिभाऊ आपटे १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो?' सांगू लागले. पुण्यातल्या एका घरातील यमू ही बालविधवा. तिच्याच घरची माणसे तिचे बळाने केशवपन करतात. या कादंबरीत भूत नाही, भुयार नाही. पण बंद दार आहे, असहाय मुलगी आहे आणि पुढचे पान उलटायला भाग पाडणारी धास्ती आहे. भयकथेकडून घेतलेले तंत्र हरिभाऊंनी टाकून दिले नाही. त्यांनी त्याचा पत्ता बदलला.

२९/
मग वाचावे की नाही? १७९० च्या दशकाचा इतिहास सरसकट उत्तर देत नाही, पण दोन कसोट्या देतो. पहिली : भुताचा उलगडा झाल्यावर पुस्तकात काय उरते? काळ्या पडद्यामागचा पुतळा वितळल्यावरही मोंटोनीचा कागद उरतो. 'हॉरिड मिस्टरीज'मधील कारस्थाने उलगडल्यावर फारसे काही हाती राहत नाही. दुसरी : पुस्तक मिटल्यावर वाचक माणसांकडे अधिक सावधपणे पाहतो, की फक्त पुढच्या पुस्तकाकडे? पहिली कसोटी पुस्तकाची आहे, दुसरी वाचकाची. पुस्तक साधारण असूनही वाचक दुसरीत उतरू शकतो, हे कॅथरीनने दाखवले.

३०/
आणि हा निर्णय ज्याचा त्याने करायचा असतो, वाचल्यानंतर. टीकाकारांनी निकालात काढलेल्या सात कादंबऱ्यांची नावे आज जगाला ठाऊक आहेत, ती एका लेखिकेने त्या वाचल्या, त्यांना हसली आणि तरीही त्यांच्यातील खरे भय ओळखले म्हणून. त्या सातांपैकी एक तिने पहिल्यांदा कुठे पाहिली, हे निश्चित सांगता येत नाही. पण १७९८ च्या ऑक्टोबरातील त्या रात्री डार्टफर्डच्या सराईत एक वयस्क धर्मोपदेशक 'मिडनाइट बेल' वाचत बसला होता, आणि त्याची लेखिका मुलगी त्याच्या हातून ते पुस्तक काढून घेत नव्हती. ती पत्र लिहीत होती.

(समाप्त)